घोडं अडलंय कुठे?

घोड्यांच्या शर्यतीतून पैज काढून टाकली तर मागे काय उरतं? मुंबईतल्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या स्टँडपासून बंगळूरच्या क्लबापर्यंत या प्रश्नावर रेसवाल्यांचं एकमत आहे : धूळ आणि लीद. ज्या घोड्यावर आपला पैसा नाही त्याच्याकडे बघायचं कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल असतो, आणि तो विचारतानाही त्यांची नजर घोड्यावर नसते, भावाच्या फलकावर असते. पलीकडच्या बाजूला सभ्य माणसं. त्यांच्या लेखी रेस म्हणजे जुगार, आणि घोडा म्हणजे चंदी खाणारा फासा. हे दोन पक्ष एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण मूळ मुद्द्यावर त्यांचं चांगलंच मेतकूट जमलं आहे : घोडा निमित्तमात्र, खरा खेळ पैशाचा. रेसचा शौक असलेल्या माझ्यासारख्या वेळापूरकराला मात्र हे दोन्ही पक्ष पटणं अवघड आहे, कारण या दोघांनाही खोटं पाडणारा पुरावा दरवर्षी आषाढात आमच्या वेशीवरून पळत जातो. तो पाहिल्यावर माझं मत झालं आहे ते असं : रेस पैजेवर जगते हे खरं नाही. टीव्हीने रेसमधून घोडा काढून घेतला, आणि त्या रिकाम्या जागी बसायला पैजेशिवाय दुसरं कोणी आलंच नाही.

पुरावा आधी मांडतो. पंढरपूरच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून निघते, वाटेत खुडूस फाट्यावर गोल रिंगण होतं, मुक्काम वेळापूरला पडतो आणि दुसऱ्या दिवशी ठाकूरबुवांच्या समाधीजवळ पुन्हा रिंगण. आषाढीला तीन-चार दिवस उरलेले असतात. मैदानात दोन घोडे. दोघेही बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे, तिथून आळंदीपर्यंत पायी आलेले आणि आळंदीहून पुन्हा पायी निघालेले. एकावर हातात पताका घेतलेला स्वार आणि दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण तिथे साक्षात माउली बसलेली आहे ही श्रद्धा. आता हाच कार्यक्रम एखाद्या टर्फ क्लबाच्या स्टुअर्डांपुढे, म्हणजे पंचांपुढे, ठेवा. रेसच्या नियमांत जॉकी खाली पडला की घोडा बाद; इथे ज्याच्यावर जॉकीच नाही तोच मानाचा. रेसमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून त्याला इतरांच्या बरोबरीत आणतात, जॉकीला खोगिरासकट आधी आणि नंतर काट्यावर उभं करतात. इथे काट्यावर वजन शून्य आणि श्रद्धेने मोजलं तर काटाच मोडेल. वजनं ठरवणारा हँडिकॅपर बिचारा राजीनामा देऊन टाळ हाती घेईल. शिवाय शर्यतीत दोनच घोडे, आणि मान कोणाचा हे पहिल्या टापेआधी ठरलेलं. निकाल आधी ठरलेल्या शर्यतीला रेसवाल्यांच्या भाषेत फार वाईट शब्द आहे आणि तिच्यावर चौकशी बसते. इथे चौकशी करायला कोणी मोकळा नसतो, कारण सगळे टापांखालची माती कपाळाला लावायला धावलेले असतात. ना पैज घेणारी टोटची खिडकी, ना बुकी, ना टीप देणारा. तरीही या शर्यतीला जी गर्दी होते ती बघून डर्बीच्या संयोजकांनी हेवा करावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो रास्तही आहे : रिंगण ही शर्यत नव्हे, तो भक्तीचा सोहळा आहे; त्याची तुलना महालक्ष्मीशी कसली करता? मान्य. माणसं माळावर जमतात ती भक्तीने, यात वाद नाही. पण जमलेल्या माणसांचं पुढे काय होतं ते बघा. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, पखवाजवाले धावतात. लोक नाचतात, बोलतात, शेजाऱ्याला पाणी देतात. चोपदाराचा दंड वर जातो, घोडा सुटतो, आणि तेवढ्या दोन-तीन फेऱ्यांपुरती सगळ्या माना एकाच दिशेने फिरतात. त्यात ज्याची विठ्ठलावर फारशी श्रद्धा नाही आणि जो नुसता मित्रांबरोबर आला आहे, त्याचीही मान फिरते. भक्ती माणसाला रिंगणापर्यंत आणते. मान फिरवण्याचं काम घोडा करतो. आणि विठ्ठलभक्तीचा भाग बाजूला काढूनच पुरावा हवा असेल तर तोही आहे. इटलीत सिएना गावात दरवर्षी 2 जुलै आणि 16 ऑगस्टला भर चौकात माती पसरून घोडे पळवतात, तीन फेऱ्या, जेमतेम दीड मिनिट. आणि तिथे स्वार पडला तरी घोडा पहिला आला की जिंकलाच. 2019 साली अमेरिकेतल्या प्रीकनेस शर्यतीत बॉडएक्सप्रेस नावाच्या घोड्याने सुटतानाच जॉकीला खाली टाकलं आणि रिकाम्या पाठीने सगळ्यांबरोबर अख्खी रेस काढली. नियमाने तो बाद. पण दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी नाव त्याचं होतं. जिंकलेल्या घोड्याचं नाव आठवायला आज यादी उघडावी लागते. जपानच्या हारू उरारा या घोडीने तर 113 शर्यती पळून एकही जिंकली नाही, आणि तिच्यावरच्या पैजेची तिकिटं लोक रांगा लावून घेत होते. ती हरणार हे माहीत असून! न 'लागणारं' तिकीट गाडीत ठेवलं की अपघात 'लागत' नाही, अशी तिथे समजूत झाली होती. पैज लावणाऱ्याने हरण्यासाठी पैसे लावावेत, याहून मोठी कबुली पैजेकडून कोणती हवी?

मग रेसचा घोडा पैजेशिवाय कंटाळवाणा का वाटतो? याचं उत्तर शोधायला मुंबईला जायची गरज नाही. वेळापूरहून दहा-बारा किलोमीटरवर अकलूज आहे, तिथे दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पांढराशुभ्र नुकरा असा माल राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून येतो. या बाजारात ज्याच्या खिशात घोड्याचा लगामही घेण्याइतके पैसे नाहीत, असा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत रमतो. तो काय बघतो ते जवळून बघण्यासारखं असतं. आधी तो समोर जात नाही, बाजूला उभा राहतो आणि घोडा चालवून दाखवायला सांगतो. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतो की अलीकडे, हे मातीत वाकून बघतो. मग कान : पुढे रोखलेले की मागे पाडलेले. मग ओठ उचलून दात, म्हणजे मालकाने सांगितलेलं वय आणि घोड्याने सांगितलेलं वय यांचा मेळ. मग मानेवरचा देवमण, छातीवरचे, कपाळावरचे भोवरे, आणि चारही पाय व तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी म्हणून आणखी पाच मिनिटं. शेवटी किंमत ऐकून मान डोलावतो आणि पुढच्या घोड्याकडे जातो. यात त्याने एक पैसा लावला नाही, घोडा एक पाऊलही पळाला नाही, आणि दिवस सार्थकी लागला. बघायला काहीतरी दिलं की माणसाला बघण्यासाठी लाच द्यावी लागत नाही.

टीव्ही नेमकं हेच देत नाही. रेसच्या दुपारचा हिशेब मांडा. आठ शर्यती, एकेक एक ते अडीच मिनिटांची. घोडे प्रत्यक्ष पळतात तो सगळा वेळ मिळून पाव तास. दोन शर्यतींमध्ये अर्धा-अर्धा तास. म्हणजे चार तासांच्या प्रक्षेपणात पावणेचार तास घोडे पळत नाहीत. याबद्दल तक्रार नाही. रिंगणातही घोडा पळतो मिनिटांत आणि माणसं बसतात तासन्‌तास. प्रश्न मधला वेळ कशाने भरायचा हा आहे. रिंगणवाल्यांनी तो टाळ-मृदंगाने, पताकांनी, तुळशीने भरला. रेसवाल्यांनी तो आकड्यांनी भरला. विन, प्लेस, फोरकास्ट, क्विनेला, टानाला, ट्रेबल, जॅकपॉट. प्रत्येकाचा वेगळा भाव, दर काही सेकंदांनी हलणारा. त्याच वेळी शर्यतीआधी घोडे दाखवण्याच्या आवारात, पॅडॉकमध्ये, सईस घोड्यांना गोल फिरवत असतात. कोणाच्या मानेवर आताच घामाचा फेस आलाय, कोण पावलागणिक डोकं झटकतोय, कोण झोपेत असल्यासारखा चालतोय आणि पळताना कसा जागा होईल, हे सगळं तिथे उघड्यावर चाललेलं असतं. पण पडद्यावर त्याचा वाटा कोपऱ्यातल्या चौकटीइतका, आणि त्या चौकटीवरूनही आकड्यांची पट्टी सरकते. आता तर महालक्ष्मीच्या स्टँडमध्ये बसून माणसं हैदराबाद-बंगळूरच्या रेस पडद्यावर बघतात आणि पैसे लावतात. समोर 1883 सालापासूनचं, 2400 मीटरचं हिरवंगार मैदान पसरलेलं, आणि डोळे मात्र पडद्यावर. याला घोड्यांचा शौक म्हणायचं तर शेअर बाजाराच्या दलालाला कारखानदारीचा शौक आहे म्हणावं लागेल.

घोडे सुटल्यावर तरी सुधारणा होते का? 1931 साली टीव्हीचे एक जनक बेअर्ड यांनी इंग्लंडातली एप्समची डर्बी पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर आणली तेव्हा चित्र इतकं अंधूक होतं की घोडे आहेत हे मानून घ्यावं लागे. आज जॉकीच्या टोपीचा टाकाही दिसतो, पण शर्यत दिसत नाही. कॅमेरा पहिल्या दोघांना चिकटतो. सातव्या नंबरवर दबून बसलेला घोडा कधी बाहेरची वाट धरतो, कोणत्या फटीतून शिरतो, जॉकी किती वेळ हात आवरून बसतो, ही खरी रेस चौकटीबाहेर चाललेली असते. शेवटच्या दोनशे मीटरला तो अचानक 'आला' की समालोचक किंचाळतो, जणू तो आताच रिक्षातून उतरला. शेवटच्या सरळ पट्ट्यात तर लांबून समोरून घेतलेलं चित्र सगळ्या घोड्यांना एकमेकांना चिकटवून टाकतं. चार लांबीने पुढे असलेला नाकाने पुढे वाटतो. त्यावर उपाय फोटो-फिनिशचा, आणि तो बघताना तर गंमतच आहे : त्या कॅमेऱ्याला फक्त रेषेवरची एक बारीक फट दिसते, आणि जो जो भाग त्या फटीतून जाईल तो तो शेजारी शेजारी छापला जातो. म्हणजे चित्रात उजवी-डावीकडे जागा नसते, वेळ असते. निकालापुरतं ते यंत्र चोख आहे. पण सगळं प्रक्षेपणच फोटो-फिनिशच्या वृत्तीने चाललंय, रेषेपलीकडचं जग त्याला ठाऊकच नाही. फेब्रुवारीत पहिल्या रविवारी इंडियन डर्बी होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत अर्धं पान प्रेक्षकांच्या नखरेल टोप्यांचं असतं. घोडा जिंकतो, पण फोटो टोपीचा येतो, आणि टोपीखाली कोण हेही घोड्यापेक्षा ठळक छापलेलं असतं.

याच्या उलट आमच्याकडच्या बैलगाड्यांच्या मैदानात जा. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, 16 डिसेंबर 2021 ला सशर्त परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठाने त्यांना मुभा देणारा कायदा वैध ठरवला, आणि त्यानंतर सोलापूर-सांगली-साताऱ्याच्या माळांवर मोबाइलवाल्यांचं पेव फुटलं. यूट्यूबवर थेट दाखवणाऱ्या या पोरांकडे ना क्रेन ना सरकता कॅमेरा. ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तिवई रोवतात आणि अख्खी पट्टी चौकटीत घेतात, चाकोऱ्यांसकट. कॅमेरा हलत नाही म्हणून गाड्या हलताना दिसतात. गट सुटायच्या आधी बैल जुपताना दाखवतात, बैल आदत आहे की चौसा, म्हणजे दातांवरून वय किती, ते सांगतात, मागच्या मैदानात कोणत्या जोडीत पळाला होता ते सांगतात; बकासुरासारख्या बैलाचं नाव त्यामुळे आमदारापेक्षा जास्त लोकांना माहीत असतं. तिथे कोपऱ्यात पैजा लागत नाहीत असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. बक्षिसाला बुलेट, ट्रॅक्टर, थार लावतात तेही निव्वळ गोमातेच्या प्रेमापोटी नाही. पण ज्याने काही लावलेलं नाही तोही शेवटच्या गटापर्यंत उन्हात उभा राहतो, कारण त्याला बैल ओळखीचा करून दिलेला असतो.

आता दुसरा आक्षेप, पैशाचा. पैज नसेल तर तबेले, जॉकी, ट्रेनर, सईस, घोडे पैदा करणारे फार्म या सगळ्यांना कोण पोसणार? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळ्या घेणारं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून मी पैज बंद करा म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की जी गाय दूध देते म्हणून गोठा तिच्या नावे केला, ती गाय आटत चालली आहे. टोटमध्ये जमलेल्या पैशांतून क्लबाचं कमिशन आणि सरकारचा कर आधी कापला जातो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे सगळ्या पैजवाल्यांना एकत्र धरलं तर ते हरण्यासाठीच आलेले असतात. 1 ऑक्टोबर 2023 पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. पैजवाला गणितात कच्चा असला तरी एवढा कच्चा नसतो. तो बेकायदा बुकीकडे वळतो किंवा घरी झोपतो. त्याच्याच भरवशावर बसलेल्या खेळाने निदान दुसरा प्रेक्षक तयार करायला हवा होता. केला नाही, कारण त्या प्रेक्षकाला दाखवायचा घोडा आकड्यांच्या पट्टीखाली होता.

तिसरा आक्षेप कायद्याचा, म्हणजे पैजेला न्यायालयाचीच मान्यता आहे हा, आणि तो मला सगळ्यात प्रिय आहे, कारण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन खटल्यात सांगितलं की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचा वेग, दमसास, त्याची घडण, जॉकीचं कसब हे सगळं अभ्यासून अंदाज बांधता येतो, म्हणून त्यावरची पैज निव्वळ जुगार ठरत नाही. रेसवाले हा निकाल ताईत बांधावा तसा बांधून फिरतात. पण निकालाचा अर्थ नीट घेतला तर पैज सभ्य ठरते ती एकाच अटीवर : लावणाऱ्याने घोडा पाहिलेला हवा. न्यायालयाने ज्या गुणांची यादी केली त्यातला एकही गुण भावाच्या फलकावर दिसत नाही. त्यांचा अंदाज येतो तो पॅडॉकमध्ये. मग पॅडॉक झाकून फलक दाखवणारं प्रक्षेपण कौशल्याच्या खेळाचं रूपांतर दर अर्ध्या तासाला मटक्यात करत असतं, आणि तेही न्यायालयाचा हवाला देत. अर्थात पैजवाल्याचं कौशल्य मी नाकारत नाही. ते रेस संपल्यावर उफाळून येतं : घोडा का हरला याची जी मीमांसा तो करतो तिच्यापुढे नैयायिकांनी हात टेकावेत. पण न्यायालयाला बहुधा रेसच्या आधीचं कौशल्य अभिप्रेत असावं.

हे सगळं टर्फ क्लबाच्या माथी मारून आम्ही मोकळे, असंही नाही. रिंगणाचं थेट प्रक्षेपण बघणाऱ्याची अवस्था काही वेगळी नसते. ड्रोन वर जातो तेव्हा पताकांची वर्तुळं सुरेख दिसतात, त्याबद्दल त्या यंत्राला दंडवत. पण घोडा सुटण्याच्या नेमक्या क्षणी पालखी सोहळ्याची घडी बसवणाऱ्या हैबतबाबांच्या काळापासून वर्षानुवर्षं होत आलेल्या या सोहळ्याला निवेदक 'अभूतपूर्व' म्हणतो. मग चौकटीत कोणी मंत्री येतो, त्यांची प्रतिक्रिया येते, खाली तिसऱ्याच विषयाची पट्टी धावते. या सगळ्यातून कॅमेरा परत येईपर्यंत फेऱ्या झालेल्या असतात आणि लोक उड्या खेळायला लागलेले असतात. वरातीमागून घोडं ही म्हण ऐकली होती. इथे घोड्यामागून वरात येते. इथे पैज नाही, आकडे नाहीत, तरी घोडा दिसत नाही, यावरून दोष पैजेचा नसून कॅमेऱ्याचा आहे हेच सिद्ध होतं. घोडं अडलंय ते तिथे.

उपाय खर्चिक नाही. रेसवाल्यांनी प्रत्येक शर्यतीआधी दहा मिनिटं पॅडॉक पूर्ण पडद्यावर दाखवावा, पट्टीशिवाय. शेजारी अकलूजच्या बाजारातला एखादा जाणता माणूस बसवावा, जो 'हा घोडा आज पळायच्या मनःस्थितीत नाही' हे आकड्यांची मदत न घेता सांगेल. शर्यत एकदा पहिल्या घोड्याबरोबर दाखवावी आणि लगेच दुसऱ्यांदा अख्खं मैदान चौकटीत घेऊन. भाव ज्याला हवा त्याला मोबाइलवर मिळतोच. वृत्तवाहिन्यांनी तर याहून सोपं करावं : चोपदाराचा दंड वर गेल्यापासून घोडा थांबेपर्यंत निवेदकाने तोंड मिटून बसावं. ही शेवटची सूचना अमलात येईल की नाही, यावर मात्र पैज लावायला माझी हरकत नाही. भाव उत्तम मिळेल, कारण निवेदक गप्प बसेल याच्या बाजूने पैसे लावणारा गडी मिळणं कठीण. आणि कोणी जिंको की हरो, लावलेल्या रकमेवर 40 टक्के सरकारचे.